बोला, डाग कसला?

आमच्या लाँड्रीच्या काउंटरवरचा फोन मामंजींचा. बाकी कामं वाटलेली आहेत. यंत्रं आमचे हे बघतात, डाग काढणं माझ्याकडे, इस्त्री मावशींकडे. फोन वाजला की उचलायचा मात्र मामंजींनीच. एका टेबलावर आणि एका इस्त्रीवर त्यांनी हे दुकान उभं केलं. आजारपणानंतर त्यांची आठवण जुन्या चादरीसारखी मध्ये मध्ये विरत गेली आणि एकेक काम हातून सुटलं. आधी वाफेची इस्त्री, मग गल्ला, मग कपड्यांना चिठ्ठ्या लावणं. राहिली ती खुर्ची आणि फोन.

ते फोनवर हॅलो म्हणत नाहीत. "बोला, डाग कसला?" म्हणतात. समोरचं माणूस आधी दचकतं, मग हसतं, मग काय सांडलं ते खरंखरं सांगून टाकतं.

माणसं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, कपडे राहतात. कधी मी समोर उभी असते आणि ते विचारतात, "बोला बाई, तुमचं काय द्यायचंय?" मग नजर माझ्या खांद्यावर जाते आणि भुवया चढतात. "ही शाल आमच्या सूनबाईची आहे. तुमच्याकडे कशी आली?"

"त्यांनीच दिली," मी म्हणते.

सकाळचा दिवा लागल्याशिवाय पाणी प्यायचं नाही आणि दिवसभर खोटं बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. या वाक्यात खोटं कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

"वहिनी," मावशी इस्त्री फिरवत म्हणतात, "देवाला कसं गुंडाळावं ते तुमच्याकडनं शिकावं."

तर एका सकाळी टपालात एक जाड पाकीट आलं. आत कुठल्याशा वीज कंपनीचं पत्र. आमच्या परिवारात आपलं मनापासून स्वागत, असं लिहिलेलं आणि खाली हसणाऱ्या बल्बचं चित्र.

आमच्याकडे तारा त्याच, मीटर तोच, पण वीज कुणाकडून विकत घ्यायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आम्ही वर्षानुवर्षं एकाच कंपनीकडून घेत होतो. मुद्दाम ठरवलं होतं असंही नाही. जुन्या शिंप्याकडे माणूस जातच राहतो, तसं.

"कंपनी बदलली तुम्ही?" मी यांना विचारलं.

"मी? मला श्वास घ्यायला वेळ नाही."

"मग परिवारात गेलं कोण?" मावशी म्हणाल्या. "दादा, जाताना सांगून तरी जायचं."

यांनी हात पुसले, घड्या घालायच्या टेबलावर मोबाईल ठेवला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज वाढवून त्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ बटणं दाबल्यावर एक माणूस बोलायला आला. तो म्हणाला, तुमचा होकार आमच्याकडे आवाजात नोंदलेला आहे, ऐकवू का? हे म्हणाले, ऐकवाच.

आधी खरखर झाली. मग आमच्याच दुकानातला ड्रायर घुमताना ऐकू आला. आणि मग मामंजींचा आवाज.

"बोला, डाग कसला?"

एक मुलगी हसली. "डाग नाही सर. मी विजेबद्दल बोलतेय. आपण दुकानाचे मालक का?"

जरा वेळ शांतता होती.

"हो," मामंजी म्हणाले. "मीच मालक."

"विजेचे निर्णय आपणच घेता?"

"मग काय शेजारी घेतात?"

"आमच्या कंपनीकडे यायला आपला होकार आहे ना सर?"

"तुम्ही एवढ्या मायेनं विचारताय, तर आहे की."

"खूप आभारी आहे, सर."

"ते राहू दे. जेवलीस का?"

मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली. काउंटरवर मामंजी मान वर करून ऐकत होते. "चांगला बोलतो हा माणूस," ते म्हणाले. "कोण आहे?"

फोनवरच्या माणसानं बिचाऱ्यानं नीट समजावलं. घरच्या जोडणीला मन बदललं तर मागे फिरायला थोडे दिवस मिळतात, धंद्याच्या जोडणीला ते मिळत नाहीत. फोनवर हो म्हटलं की करार झाला. दर चढा होता. ड्रायर लागला की मीटर नुसता पळायचा. आणि चार दिवसांनी आणखी एका कंपनीचं स्वागताचं पाकीट आलं, त्यावर दोन हात जोडलेले. मामंजींनी त्यांनाही हो म्हटलं होतं; पहिल्या कराराची मुदत संपली की आम्ही त्या हातांत जाणार होतो.

यांचा संयम तिथे संपला. मागच्या खोलीत, ओल्या चादरींच्या मध्ये, ते मला म्हणाले, "फोन आत घेतो. आणि जोडणी माझ्या नावावर करतो. दुकानही करून टाकू."

"मग मामंजी खुर्चीत बसून काय करतील?"

"बसतील."

"नुसते?"

"अगं, मला काय हौस आहे का? आज वीज मागितली. उद्या कुणी दुकानच मागितलं तर? म्हणतील, एवढ्या मायेनं विचारताय तर न्या!"

ते चिडून बोलत होते, पण चादर पिळावी तसा हातातला रुमाल पिळत होते. मला त्यांचाही राग येईना. माझा आवाज मुळातच लहान. हे म्हणतात, तुझं भांडण ऐकायला दुर्बीण लागते. मी एवढंच म्हटलं, "थोडे दिवस थांबा."

डाग काढायला बसलं की माझं मन चालतं. हाताखाली कुणाचा तरी पांढरा शर्ट होता आणि कानात ती खरखर होती. मालक का, असं विचारल्यावर जी शांतता पसरली, ती माझ्या मनातून जाईना. पुढचं सगळं ते नेहमीसारखं बोलले, गमतीत, आल्यागेल्याशी बोलतात तसं. तेवढी एक जागा वेगळी होती. मावशी त्यांना आबा म्हणतात, गिऱ्हाइकंही आबा म्हणतात. हे बाबा म्हणतात, मी मामंजी. आम्ही त्यांना वेळेवर औषध देतो, मफलर गुंडाळतो, ऊन आलं की खुर्ची सरकवतो. आपण मालक का, असं आमच्यातल्या कुणी कधी विचारलं होतं? विचारणार तरी कशाला, आम्हाला माहीतच होतं. ज्या अनोळखी पोरीला माहीत नव्हतं, तिनं विचारलं. आणि एवढं विचारणाऱ्याला नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं?

मी हे यांना सांगितलं. ते बराच वेळ हँगर सरळ करत राहिले. मग म्हणाले, "बरं. पण आधी कंपनी नीट निवडू. या भानगडीत पुन्हा नको."

त्या आठवड्यात यांनी दोन्ही कंपन्यांशी बोलून, थोडं नमतं घेऊन, दोन्ही करारांतून सुटका करून घेतली. म्हातारं माणूस, आजारी, असं सांगताना त्यांचा आवाज अडखळला, ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. मग एका संध्याकाळी शटर अर्धं ओढून आम्ही घड्यांच्या टेबलाशी बसलो. मामंजींची खुर्चीही आणली. हे एकेका कंपनीला फोन लावायचे आणि तेच प्रश्न विचारायचे. युनिटला दर काय, वापर असो नसो रोजचा ठरलेला आकार किती, मुदत केवढी, मुदत संपल्यावर दर गुपचूप चढतो का. त्या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण घसा खाकरायचे.

एका कंपनीनं आम्हाला थांबवून ठेवलं आणि मध्ये बासरी लावली. मामंजींचा पाय ठेका धरायला लागला.

"ही घ्या," ते म्हणाले.

"बाबा, ही सगळ्यात महाग आहे."

"असेल. पण वाजवतात बरं."

हे हसले. किती दिवसांनी हसले! मावशी घरी निघाल्या होत्या, त्या शटरखालून वाकून म्हणाल्या, "दादा, बिलाबरोबर बासरीवाला पण पाठवतात का विचारा."

शेवटी एक कंपनी ठरली. दर मधला, मुदत लांब, आणि मुदत संपायच्या आधी पत्र नाही तर फोन करून विचारू असं सांगणारी. तिथली बाई सर्दी झालेल्या आवाजात बोलत होती आणि माहीत नसेल ते "बघून सांगते हं" म्हणत होती. जोडणी मामंजींच्या नावावर, म्हणून होकारही त्यांचाच लागणार होता. यांनी मोबाईल त्यांच्या कानाला धरला.

"बोला, डाग कसला?"

त्या बाईनं विचारायचं ते विचारलं. मालक का, निर्णय आपणच घेता का. मामंजी हो, हो म्हणत गेले. मग तिनं विचारलं, होकार आहे ना?

आणि मामंजींनी फोनवर तळवा ठेवला.

"थांबा," ते म्हणाले, "मुलाला विचारतो." ते यांच्याकडे वळले. "काय रे, घ्यायची का?"

नको तिथे पटापट हो म्हणणारा माणूस, आणि आज! "घ्या बाबा," ते म्हणाले. "चांगली आहे."

"घेतो," मामंजी फोनमध्ये म्हणाले. "मुलगा चांगली आहे म्हणतोय."

कंपनी बदलली त्या दिवशी मी उगीच दिव्यांकडे बघत होते. काहीसुद्धा झालं नाही. ट्यूब लुकलुकलीही नाही, ड्रायर घुमतच राहिला.

पण यांनी मला एक अट घातली होती. मुदत लांब आहे. मध्येच दुसऱ्या कुणाला हो म्हटलं तर दंड बसेल. पुन्हा एकदा तसं झालं की फोन आत. "मग मला काही सांगू नकोस," ते म्हणाले. मी मान हलवली. अट वाजवी होती.

तेव्हा मामंजींना नाही म्हणायला शिकवायचं, असं मी ठरवलं. रोज सकाळी दिवा आणि स्तोत्राचा पाठ झाला की मी मागच्या खोलीत जाऊन मोबाईलवरून दुकानाचा फोन लावू लागले. मी अमक्या कंपनीची, असं म्हणत नव्हते. ते खोटं झालं असतं. मी नुसतं विचारायची. प्रश्नाला खोटं कसं म्हणणार?

"बोला, डाग कसला?"

"मालक बोलताय का?"

"हो, मीच मालक."

"विजेची कंपनी बदलायची का?"

"तुम्ही म्हणाल तसं."

मी बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसायची. "मामंजी, असं कुणी विचारलं तर म्हणायचं, आमचं ठरलेलं आहे."

"आमचं ठरलेलं आहे," ते शहाण्या मुलासारखे म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पालथ्या घड्यावर पाणी. मी बाहेर आले की सांगायचे, "एका बाईचा फोन येतो हल्ली. हळू बोलते, पण गोड आहे हो."

नवं वाक्य त्यांच्यात मुरतच नव्हतं. धुऊन धुऊन गुळगुळीत झालेल्या कापडावर रंग धरत नाही, तसं.

मग एक दिवस काउंटरवर एक माणूस चामड्याचा कोट घेऊन आला. आम्ही चामडं घेत नाही, कधीच घेतलं नाही. मी हात पुसून पुढे होईपर्यंत मामंजींनी कोटावर हात फिरवला, अस्तर बघितलं आणि दोन्ही हातांनी कोट परत त्या माणसाकडे सरकवला.

"हे आमच्याकडे होत नाही हो. माफ करा. पण तुम्ही या, बाकी काही असेल तर घेऊन या."

इतकं गोड म्हणाले की तो माणूस दुखावण्याऐवजी आभार मानून गेला.

मी मावशींकडे बघितलं, मावशींनी माझ्याकडे. नाही म्हणणं त्यांच्यात होतंच की! आयुष्यभर चामड्याला म्हणत आलेले.

दुसऱ्या दिवसापासून आमचं नाटक दोन पात्रांचं झालं. मी मागून फोन करायची. मालक बोलताय का? हो, मीच मालक. विजेची कंपनी बदलायची का? की लगेच इस्त्रीपाशी उभ्या मावशी ओरडायच्या, "आबा, चामडं आलंय, चामडं!"

"हे आमच्याकडे होत नाही हो," मामंजी फोनमध्ये म्हणायचे. "माफ करा."

आमचे हे ड्रायरमधून टॉवेल काढता काढता कपाळाला हात लावायचे. "एक आत, एक बाहेर. आणि यांना मी दुकान चालवायला ठेवलंय."

"तुम्ही कुठं, दादा?" मावशी म्हणायच्या. "मालकांनी ठेवलंय आम्हाला."

त्या सहज म्हणाल्या. पण मामंजी खुर्चीत जरा ताठ बसले. त्यानंतर मावशी त्यांना कधी कधी आबाऐवजी मालक म्हणू लागल्या. मला कुणी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

खरा फोन आला तो दुपारी. मावशी बाहेर चहा आणायला गेल्या होत्या. मी काउंटरशी चिठ्ठ्या लावत होते, हे गिऱ्हाइकाचे पडदे बांधत होते. मामंजींनी फोन उचलला.

"बोला, डाग कसला?... नाही? मग?... हो. मीच मालक."

यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चामडं म्हणून ओरडले असते तर कदाचित भागलं असतं, पण त्यांची नजर तसं करू नकोस म्हणत होती. आणि ते बरोबरच होतं. रोज कोण ओरडायला बसणार होतं?

"हो हो, निर्णय मीच घेतो," मामंजी म्हणाले. पलीकडचा माणूस भरभर बोलत होता, फोनमधून माशी गुणगुणावी तसा आवाज येत होता. मामंजी मान डोलवत ऐकत होते. चेहऱ्यावर तोच आनंद. मग त्यांनी इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. यांनी पडद्यांचा गठ्ठा खाली ठेवला आणि एक पाऊल फोनकडे टाकलं. मी मनातल्या मनात सकाळच्या पाठाची पहिली ओळ धरून बसले, पुढची आठवेना.

मामंजींचा मोकळा हात काउंटरवर फिरत होता. पुढे, मागे. तिथे नसलेल्या एखाद्या कोटावरून फिरावा तसा.

"हे आमच्याकडे होत नाही हो," ते म्हणाले. "माफ करा."

पलीकडचा पुन्हा काहीतरी म्हणाला.

"नाही, नाही. तुमचं वाईट नाही. चांगलंच असेल. पण आम्ही हे घेत नाही. दुसरं काही असेल तर घेऊन या. आणि अस्तर आधी सोडवून घ्या हं, नाहीतर आकसतं."

त्यांनी फोन ठेवला. मावशी चहाचे पेले घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी आमची तोंडं बघितली आणि पहिला पेला मामंजींपुढे ठेवला. हे पडद्यांकडे परत गेले. गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला.

फोन काउंटरवरच राहिला. जोडणीच्या नावाचा विषयही पुन्हा निघाला नाही. खरं म्हणजे आता सराव करायची गरज नव्हती. पण मी रोज फोन करत राहिले. दिवा, पाठ, आणि मग मामंजींना फोन, असं ते आपलं लागूनच गेलं. कुणी तरी रोज त्यांना मालक का म्हणून विचारायला हवं, एवढंच माझ्या मनात होतं. विजेचं विचारायचं मी सोडून दिलं.

मग थंडीत माझा घसा बसला. दिवा लावला, पाठ मनात म्हटला, पण तोंडातून आवाज निघेना. मामंजी काउंटरवर येऊन बसले होते. त्यांनी फोनकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. मग परत फोनकडे. कशाची वाट बघतोय ते त्यांना ठाऊक नसावं, पण ते वाट बघत होते.

मी मागे गेले. हे ड्रायरमधून गरम चादरी काढत होते. मी घशाकडे बोट दाखवलं, मग फोनकडे, मग बाहेर.

"छे," हे म्हणाले. "मला असली नाटकं जमत नाहीत."

मी आग्रह केला नाही. करायला आवाजही नव्हता. माझ्या टेबलाशी येऊन एका बाहीवरचा शाईचा डाग ओला करत बसले.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला.

"बोला, डाग कसला?"

मी मागे वळून बघितलं. मधल्या दारातून दोघंही दिसत होते. पुढे खुर्चीत मामंजी. मागे वाळत घातलेल्या चादरींमध्ये आमचे हे, पाठमोरे, खांद्यावर एक चादर आणि कानाला मोबाईल.

"मालक..." यांचा आवाज माझ्यापेक्षाही बसलेला निघाला. "मालक बोलताय का?"

"हो. मीच मालक. बोला."

यांना पुढे काय विचारायचं ते सुचलं नसावं. ते नुसते उभे राहिले. खांद्यावरची चादर घसरली, ती सावरायचंही त्यांना भान नव्हतं.

"घाबरू नका हो," मामंजी म्हणाले. "कसला का असेना. घेऊन या, बघू आपण."

"येतो," हे म्हणाले. "कधी येऊ?"

"केव्हाही या. दुकान उघडंच आहे."

हे तसेच, मोबाईल हातात धरून, पुढे आले आणि काउंटरपाशी उभे राहिले. मामंजींनी फोन जागेवर ठेवला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि शेजारच्या स्टुलाकडे हात केला.

"बसा," ते हळूच म्हणाले. "आत्ता एक गिऱ्हाईक येणार आहे. बिचारं फार काळजीत वाटत होतं."

हे स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले. मागे ड्रायर थांबल्याची घंटी वाजली. मावशींनी इस्त्री उभी केली आणि, तुम्ही बसा दादा म्हणून, त्याच आत गेल्या.